अंबड: महिन्याला १२०० नगांसाठी व्हीएमसी घ्यावं का? नवं, जुनं की बाहेरून जॉबवर्क

अंबड_टर्निंग
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं टर्निंग शॉप आहे. दोन सीएनसी लेथ, एक रेडियल ड्रिल, शेड १८०० चौरस फूट, वीज मंजूर भार १८ किलोवॅट.

सातपूरच्या एका ग्राहकाचं एसजी आयर्नचं (एक प्रकारचं चिवट बीड) ब्रॅकेट चालू आहे, महिन्याला १२०० नग. टर्निंग आमच्याकडे होतं, मिलिंग बाहेर जातं. सहा टूल लागतात: फेस मिल, रफ बोअर, फिनिश बोअर, सेंटर ड्रिल, ८.५ ड्रिल, एम १० टॅप. सायकल टाइम ७ मिनिटं, चढवणं-उतरवणं १ मिनिट. जॉबवर्कवाला नगाला ६० रुपये घेतो, टूलिंग त्याचं. टेम्पोला महिन्याला साधारण ५ हजार जातात. ग्राहकाचं पेमेंट ७५ दिवसांनी येतं.

पर्याय तीन आहेत. नवं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), ८०० बाय ४०० चं टेबल, बीटी ४० (टूल होल्डरच्या टेपरचं माप) स्पिंडल, कोटेशन २४ लाख अधिक जीएसटी. दुसरं, सातपूरलाच उभं असलेलं २०१३ सालचं मशीन, फॅनुक ०आय-एमडी कंट्रोल, मालक साडेनऊ लाख अधिक जीएसटी म्हणतो. तिसरं म्हणजे आहे तसं चालू ठेवायचं. हातात रोख १० लाख. "मशीन घेऊन टाका, काम आपोआप येतं" असं जो तो सांगतो. हिशेब कसा मांडायचा ते सांगा.

तासाचा_हिशेब
दादा, मशीनची किंमत तूर्त बाजूला ठेवा आणि आधी तास मोजा. १२०० नग गुणिले ८ मिनिटं म्हणजे ९६०० मिनिटं, १६० तास. टूल बदलणं, सेटिंग, पहिल्या नगाची तपासणी, वीज जाणं हे सगळं धरून ८५ टक्के कार्यक्षमता मिळाली तर १८८ तास लागतात. २६ दिवस गुणिले साडेसात तास म्हणजे एका शिफ्टचे १९५ तास. या एका नगाने एक शिफ्ट भरते आणि दुसरी पूर्ण रिकामी राहते. तुमचा निर्णय त्या रिकाम्या शिफ्टवर ठरणार आहे.

आता महिन्याचा चालू खर्च. ऑपरेटर पीएफ वगैरे धरून २२ हजार. वीज: या आकाराचं मशीन कॉम्प्रेसरसकट सरासरी ६ किलोवॅट ओढतं असं धरा. १८८ तास, युनिट साडेनऊ रुपये, म्हणजे जवळपास ११ हजार. युनिटचा दर कुणाला विचारू नका, तुमच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करा, तो खरा दर. इन्सर्ट, ड्रिल, टॅप मिळून नगाला ६ रुपये, म्हणजे ७,२००. कूलंट, स्लाइडवे तेल, चिंध्या ३ हजार. मेंटेनन्स ४ हजार. बेरीज ४७,२००.

वाचणारे पैसे: जॉबवर्कचे ७२ हजार आणि टेम्पोचे ५ हजार, मिळून ७७ हजार. हातात राहतात २९,८००.

नव्या मशीनचा खर्च २४ लाखांवर थांबत नाही. सर्व्हो स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर, दहा-बारा बीटी ४० होल्डर, कोलेट, मशीन व्हाइस, फिक्स्चर, प्रीसेटिंगचं साहित्य यात साडेतीन लाख सहज जातात. म्हणजे साडेसत्तावीस लाख. बँकेने २० लाख दिले, साडेदहा टक्क्यांनी, ५ वर्षांसाठी, तर हप्ता ४३ हजारांच्या आसपास. एका शिफ्टवर दर महिन्याला १३ हजार खिशातून भरावे लागतील. हप्त्यातलं मुद्दल मशीनच्या रूपाने तुमच्याकडेच राहतं हे खरं, पण महिन्याच्या ५ तारखेला बँक रोकड मागते.

दुसऱ्या शिफ्टला ४५० रुपये तासाने १५० तासांचं काम मिळालं तर ६७,५०० येतात. दुसरा ऑपरेटर, वीज, टूल, कूलंट वजा जाता २९ हजार उरतात. मग हप्ता भागून १६ हजार शिल्लक. "काम आपोआप येतं" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, महिन्याला १५० तास कोण देणार आणि लेखी देणार का.

जुन्याचा हिशेबही तुम्हाला वाटतो तितका सोपा नाही. साडेनऊ लाख, वरचं साहित्य तेच साडेतीन लाख, वाहतूक-लेव्हलिंग-दुरुस्तीला २ लाख, एकूण १५ लाख. मेंटेनन्स महिन्याला ६ हजार जादा धरला तर एका शिफ्टवर २३,८०० सुटतात. पैसे निघायला पाच वर्षांहून जास्त, तेही २०१३ सालच्या मशीनमधून. दोन शिफ्ट चालली तर २८ महिने.

आणखी एक. रिजेक्शन तुमच्याकडे आलं म्हणून आपोआप कमी होत नाही. नवा ऑपरेटर, नवा प्रोग्राम, नवं फिक्स्चर, पहिले दोन-तीन महिने ते वाढतंच. त्याची तरतूद वरच्या आकड्यांत नाही.

स्पिंडल_४०
जुनं मशीन बघायला जाणारच असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. डायल इंडिकेटर, मॅग्नेटिक स्टँड आणि बीटी ४० चं ३०० मिमी टेस्ट मँड्रेल (स्पिंडल तपासायचा अचूक दांडा) सोबत न्या. मालकाला आदल्या दिवशी सांगा की मशीन सुरू करून ठेवू नका, थंड हवंय. गरम मशीनमध्ये स्पिंडलचा आवाज झाकला जातो.

कंट्रोल चालू झाल्यावर आधी पॅरामीटर ६७५० बघा. त्यात मशीन एकूण किती मिनिटं पॉवरवर होतं ते असतं. १८ लाख दिसले तर ३० हजार तास. मालक "फार चाललेलं नाही" म्हणाला की हा आकडा काढायचा. मात्र मध्ये कधी मेमरी गेली आणि जुना बॅकअप टाकला असेल तर तो कमी दिसू शकतो, म्हणून टेपर आणि गाइडवेची झीज त्याच्याशी जुळते का पाहा.

मग पॅरामीटर १८५१, बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे दिशा बदलताना स्क्रूत येणारी ढील कंट्रोलने भरून काढायचा आकडा. एक्स, वाय, झेडला ८ ते १५ मायक्रॉन टाकलेले असणं नेहमीचं. ४०-५० दिसले तर बॉलस्क्रूची झीज आकड्याने झाकलेली आहे. इथे बरेच जण फसतात ते असे: वर्षानुवर्षं व्हाइस टेबलाच्या मधोमध असतो, त्यामुळे स्क्रू मध्येच झिजतो आणि टोकांना शाबूत राहतो. कॉम्पेन्सेशनचा आकडा मात्र पूर्ण अक्षाला एकच. मध्ये मोजून तो भरला तर टोकांना चूक उलट्या दिशेने येते. म्हणून हँडव्हील ०.०१ च्या टप्प्यावर ठेवून डायल लावा आणि डावीकडे, मध्ये, उजवीकडे अशा तीन ठिकाणी दिशा बदलून बघा. तिन्हीकडे सारखाच बॅकलॅश असेल तर दोष बहुधा स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचा किंवा लॉकनटचा, तो स्वस्तात सुटतो. जागेनुसार बदलत असेल तर स्क्रू गेला समजा.

स्पिंडलला मँड्रेल लावून हाताने फिरवा. नाकाजवळ ०.०१ आणि ३०० मिमीवर ०.०२ पर्यंत चालेल. मँड्रेल काढून १८० अंश फिरवून परत लावा. चूक मँड्रेलबरोबर फिरली तर मँड्रेल वाकडं, जागेवर राहिली तर टेपर किंवा बेअरिंग. टेपरच्या आत बॅटरी मारून बघा. तांबूस गंजासारखे डाग म्हणजे टूल आत हलतंय. कारणं दोन असतात, ड्रॉबारच्या (होल्डर आत ओढून धरणाऱ्या दांड्याच्या) डिस्क स्प्रिंगा दमल्या आहेत किंवा वेगवेगळ्या कोनांचे पुल स्टड (होल्डरच्या शेंड्याचे, पकडीत धरले जाणारे बोल्ट) मिसळून वापरलेत. ४५ अंशाच्या ग्रिपरला ६० चा स्टड लावला तर पकड अर्धवट बसते. होल्डर घेताना हे विसरू नका.

नंतर स्पिंडल ५०० पासून टप्प्याटप्प्याने ६००० पर्यंत नेत ४० मिनिटं चालवा. नाकाला हात लावण्यापेक्षा थर्मामीटर लावा. बाहेरच्या हवेपेक्षा २५-३० अंशांहून जास्त तापलं, किंवा वेग कमी करताना घरघर वाढली, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. टूल चेंजर सलग ५० वेळा फिरवा. दहा वेळा नीट चालतो आणि तिसाव्या वेळेला आर्म अडकतो, हे नेहमीचं.

टेलिस्कोपिक कव्हर सरकवून गाइडवेवर बोट फिरवा. तेल लागलं पाहिजे. ल्युब्रिकेशनची टाकी भरलेली असूनही एखाद्या नळीचा मीटरिंग कार्ट्रिज (मोजकं तेल सोडणारा तुकडा) चोंदलेला असतो आणि तोच अक्ष कोरडा पळत असतो.

मशीन सहा महिने बंद असेल तर बॅटऱ्यांचं बघा. एन्कोडरची (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाची) बॅटरी उतरली की ३०० मालिकेतले एपीसी अलार्म येतात, होम पोझिशन पुन्हा बसवावी लागते. कंट्रोलची ३ व्होल्टची बॅटरी उतरली तर पॅरामीटरच जातात. सौदा ठरताच, वीज तोडण्याआधी, पॅरामीटर, पीएमसी (मशीनचं अंतर्गत लॉजिक) आणि प्रोग्राम यांचा बॅकअप कार्डवर घ्या. हे न करता हायड्रा (क्रेन) लावलेली मशीनं पुढे महिनाभर अलार्ममध्ये अडकून पडतात.

शेवटी तुमचंच ब्रॅकेट तिथे चालवा. पाच नग, सलग. बोअर आणि होलचं सेंटर अंतर सीएमएमवर (त्रिमितीय मोजमाप यंत्रावर) मोजून घ्या, अंबड-सातपूरला पैसे देऊन मोजून मिळतं. मालक टेस्ट कटला तयार नसेल तर पुढे बोलू नका.

तासाचा_हिशेब
+१. आणि ही सगळी तपासणी जमणार नसेल तर स्पिंडल-सर्व्होचं काम करणारा माणूस दिवसाचे पैसे देऊन न्या. १५ लाखांच्या व्यवहारात ती रक्कम किरकोळ आहे.

ताळेबंद
भाऊ, रोकड आणि कर यांचं गणित वेगळं मांडतो, कारण १० लाखांत नवं मशीन बसत नाही.

साडेसत्तावीस लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख ९५ हजार. बँकेने २० लाख दिले तर वरचे साडेसात आणि हा जीएसटी, एकूण १२ लाख ४५ हजार तुमच्या खिशातले. काही बँका जीएसटीसकट किमतीवर कर्ज धरतात, काही नाही. कोटेशन देतानाच विचारा. इनपुट क्रेडिट मिळतं, पण रोख परत येत नाही. भांडवली मालाच्या क्रेडिटचा रिफंड इन्व्हर्टेड ड्युटीतही (खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असतो तेव्हाही) देत नाहीत, तुमच्या विक्रीवरच्या करातून ते हळूहळू वळतं होतं. जीएसटी भरताना दरमहा रोखीने किती जातात ते बघा. ४० हजार जात असतील तर पाच लाख वळते व्हायला वर्ष लागेल. तेवढा काळ ती रक्कम अडकलेली. आणि क्रेडिट घेतलं की त्या कराच्या रकमेवर घसारा मिळत नाही, दोन्हीकडून घेता येत नाही.

जुन्या मशीनचं बिल कोण देतो ते महत्त्वाचं. कारखानदार स्वतःच्या बिलाने पूर्ण किमतीवर १८ टक्के लावत असेल तर तुम्हाला पूर्ण क्रेडिट. जुन्या मशीनचा व्यापारी मार्जिन स्कीममध्ये विकत असेल तर कर फक्त त्याच्या नफ्यावर, तुम्हाला पूर्ण किमतीचं क्रेडिट नाही. "अर्धे बिलात, अर्धे रोखीत" याला अजिबात तयार होऊ नका. घसारा जातो, क्रेडिट जातं, पुढे विकताना कागद उरत नाही. बिलावर मशीनचा सिरीयल नंबर हवाच. मशीनवर बँकेचा बोजा आहे का ते सेरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदणीवर) शोधा आणि कर्ज फेडल्याचं बँकेचं पत्र मागा. बोजा असलेलं मशीन तुमच्या शेडमधूनही उचललं जाऊ शकतं.

आयकरात घसारा दोन्हीवर १५ टक्के. नव्या मशीनवर उत्पादकाला पहिल्या वर्षी जादा २० टक्के मिळतो, जुन्यावर नाही. पण तुमची मालकी फर्म असेल आणि तुम्ही नव्या कररचनेत असाल तर हा जादा घसाराही नाही. तुमच्या सीएला हा एकच प्रश्न आधी विचारा. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. मशीन ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्यक्ष चालू झालेलं हवं, नुसतं बिल असून भागत नाही. दसऱ्याच्या मुहूर्तासाठी थांबणाऱ्यांनी दसरा कोणत्या तारखेला आहे तेही बघावं.

७५ दिवसांच्या पेमेंटबद्दल. तुमची उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला उद्यम प्रमाणपत्र पाठवून ठेवा, बिलावर क्रमांक छापा. मार्चमध्ये तरी पैसे वेळेवर येतात. हाच नियम तुम्हालाही लागू आहे बरं का, तुमचा जॉबवर्कवाला सूक्ष्म उद्योग असेल तर त्याचं बिल ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत सुटलं पाहिजे. मशीन घेतल्यावर हप्ता पुढच्या महिन्यापासून, पैसे अडीच महिन्यांनी, हे अंतर कशाने भरणार ते आधी ठरवा. बँकेकडे तीन ते सहा महिन्यांचं मोरॅटोरियम (हप्त्यातून सूट) मागता येतं, व्याज मात्र चालू राहतं.

फिक्स्चर_सिन्नर
वरचे सगळे मशीनवर बोलले. मला वाटतं आत्ता पैसे घालायची जागा मशीन ही नाहीच, फिक्स्चर आहे, म्हणजे नग ठरलेल्या जागी धरून ठेवणारी चौकट.

सध्या नग एकेक व्हाइसमध्ये लागतोय असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं. सहा टूल, प्रत्येक बदलाला सुमारे ६ सेकंद, म्हणजे प्रत्येक नगावर ३६ सेकंद नुसतं टूल बदलणं. चार नगांचं फिक्स्चर केलं तर तेच ३६ सेकंद चार नगांत वाटले जातात, नगाला ९. वाचले २७. दार उघडणं, बूर झाडणं, बसवणं, आवळणं हेही चार नगांना एकदमच होतं, नगाला आणखी २५ सेकंद वाचतात. एकूण ५२ सेकंद. ४५० रुपये तासाच्या दराने नगाला साडेसहा रुपये, महिन्याला ७,८००. फिक्स्चरला ७० हजार धरले तर नऊ महिन्यांत वसूल. जॉबवर्कवाला पूर्ण फायदा सोडणार नाही, निम्म्यावर तोडगा निघाला तर दीड वर्ष. तरी २७ लाखांच्या मानाने हा धोका कितीतरी लहान आहे.

फिक्स्चर बनवताना तळाची प्लेट एमएसची नको, बिडाची किंवा निदान स्ट्रेस रिलीव्ह केलेली. टर्निंग केलेल्या बोअरमध्ये लोकेट करा, कच्च्या कास्टिंगच्या पृष्ठावर नको. कास्टिंगची मोल्ड लाइन सरकली की चारही नग एकदम जातात. दिशा धरायला डायमंड पिन (दोन बाजूंनी कापलेली पिन) लावा, दोन्ही पिना गोल ठेवल्या तर बसवताना अडकतात. रेस्ट पॅड कडक करून ग्राइंड केलेले आणि बदलता येणारे हवेत. एसजीचा चुरा बारीक असतो, पॅडच्या भोवती खोबण नसेल तर तो खाली अडकून फेस तिरका येतो, आणि मग तपासणीत दोष मशीनवर ढकलला जातो.

फिक्स्चरवर तुमच्या फर्मचं नाव पंच करा, डिलिव्हरी चलनावर पाठवा आणि "परत मागितल्यावर द्यायचं" असं जॉबवर्क ऑर्डरवर लिहा. नाहीतर उद्या मशीन घ्याल आणि फिक्स्चर अडकून बसेल.

अंबड_टर्निंग
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं बारकाईने कुणी सांगितलं नव्हतं. एक गोष्ट लिहायची राहिली. ग्राहक तोंडी म्हणतोय की पुढच्या वर्षी २००० नग होतील. तसं झालं तर नव्या मशीनचं गणित बदलतं का? आणि वीज मंजूर भाराचं काय?

तासाचा_हिशेब
२००० नगांना ८५ टक्क्यांनी ३१४ तास, म्हणजे दोन शिफ्ट. जॉबवर्कचे १ लाख २० हजार आणि टेम्पोचे ८ हजार वाचतील. दोन ऑपरेटर ४४ हजार, वीज १८ हजार, टूल १२ हजार, कूलंट-तेल ५ हजार, मेंटेनन्स ४ हजार, म्हणजे ८३ हजार. उरतात ४५ हजार, हप्ता ४३ हजार. काठावर. नव्या मशीनला २००० नग ही किमान पातळी समजा, त्याखाली नाही. तोंडी शब्दावर जाऊ नका. निदान सहा महिन्यांचं शेड्यूल ईमेलवर मागा, आणि दर किती काळ बदलणार नाही तेही. नग वाढले की खरेदीवाला लगेच दर कमी करायला सांगतो. नगाला ३ रुपये कमी झाले तरी महिन्याला ६ हजार गेले, म्हणजे काठावरचे दोन हजारही गेले.

स्पिंडल_४०
वीज: मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की स्थिर आकार जोडणीमागे न राहता केव्हीएवर मागणी आकार लागतो. १८ वर आहात, व्हीएमसीसोबत वर जाणारच. पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर पॅनेल लागेल, त्याचा आणि वाढीव आकाराचा खर्च कोटेशनच्या शेजारी लिहा. महावितरणकडे अर्ज मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी करा, कारण ट्रान्सफॉर्मरवर जागा नसेल तर मशीन येऊन पडतं आणि वीज नसते.

जागेचंही बघून घ्या. या आकाराचं मशीन पाच-सहा टनांचं, उंची पावणेतीन मीटरपर्यंत. शटरची उंची आणि आतल्या तुळईखालची उंची मोजा. खाली २५०-३०० मिमी आरसीसी हवं, आणि काँक्रीट ओतल्यापासून २८ दिवस मशीन ठेवू नका. अर्थिंगला स्वतंत्र खड्डा, लेथच्या अर्थिंगला जोडू नका. लेव्हल दर मीटरला ०.०२ मिमीच्या आत आणा, आणि महिन्याने परत तपासा, नव्या जमिनीवर ती हमखास सरकते.

फिक्स्चर_सिन्नर
आणि फिक्स्चर आत्ता केलंत तर त्याची प्लेट ७०० बाय ३५० च्या आत ठेवा. बोल्टची छिद्रं लांबट ठेवा म्हणजे टी-स्लॉटचं अंतर थोडं वेगळं असलं तरी बसेल. जॉबवर्कवाल्याच्या टेबलाचं आणि कोटेशनमधल्या मशीनच्या टेबलाचं स्लॉट अंतर दोन्ही डिझाइन करणाऱ्याला आधीच द्या.

अंबड_टर्निंग
ठीक. या आठवड्यात जॉबवर्कवाल्याकडे जाऊन टेबल मोजतो, आणि ग्राहकाला शेड्यूलसाठी ईमेल करतो. सातपूरचं मशीन तोवर राहिलं तर डायल घेऊन बघायला जाईन.